खाडीत नांगरलेली होडी वादळात दरवेळी पाण्याने भरते: पाणी कुठून येतं ते शोधा, मग उपसा

तक्रार दरवर्षी तीच असते. संध्याकाळी नीट नांगरून ठेवलेली फायबरची होडी सकाळी काठापर्यंत पाण्यात, इंजिनाची बाजू बुडालेली आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, तेवढी वर. पाणी उपसायचं, इंजिन धुऊन मेकॅनिककडे न्यायचं, आणि पुढच्या वाऱ्या-पावसात पुन्हा तेच. हे लिहितोय ते १६ ते २० फुटी, आउटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेरून लावलेल्या) इंजिनाच्या उघड्या होड्यांसाठी. आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांत मासे, तिसऱ्या (शिंपल्या) आणि पर्यटकांची ने-आण यासाठी अशाच होड्या असतात. ट्रॉलरचं गणित वेगळं आहे, ते इथे लावू नका.

आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडाला, होडी वर काढून शाकारली की प्रश्न मिटला, असं बरेच जण धरून चालतात. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. पण वादळं बंदीची वाट बघत नाहीत: फयान आलं ११ नोव्हेंबर २००९ ला, क्यार ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस, तौक्ते मे २०२१ च्या मध्यावर. तिन्ही वेळा हंगाम चालू होता आणि होड्या पाण्यात होत्या. शिवाय १ ऑगस्टला होड्या उतरतात तेव्हा समुद्र शांत झालेला नसतोच. म्हणून नांगरलेली होडी वाऱ्या-पावसात तग धरेल अशी तयारी बारा महिने हवी.

होडीत पाणी तीन वाटांनी येतं: आभाळातून, मागच्या फळीवरून आणि तळातून. घोटाळा असा की या तिन्ही वाटा एकमेकींना हात देतात. पावसाने मागची बाजू खाली बसते, खाली बसली की लाट आत यायला लागते, आणि एरवी पाण्याच्या वर असलेली भोकं पाण्याखाली जातात. सकाळी आपण बघतो तेव्हा सगळं एकच पाणी झालेलं असतं. त्यामुळे नवा पंप बसवणारे, तळाच्या निचऱ्याच्या भोकाचं बूच बदलणारे, ताडपत्री घालणारे सगळेच मनापासून खर्च करतात, आणि तरी होडी बुडते, कारण उपाय एका वाटेवर केला आणि पाणी दुसऱ्या वाटेने आलं.

आधी मोजा

एक सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा पुढच्या बाकाला उभा बांधून ठेवा. झाकण नको. सकाळी त्यात किती मिलिमीटर पाणी साचलं ते पट्टीने मोजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. १८ फुटी होडीचं उघडं अंग साधारण ८ चौरस मीटर धरा. डब्यात ८० मिलिमीटर असेल तर होडीत पावसाचं पाणी ६४० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या त्रेचाळीस बालद्या. आता उपसताना बालद्या मोजा. पन्नासच्या आत संपलं तर दोष पावसाचा. शंभर झाल्या तर उरलेलं पाणी खाडीचं आहे, आणि ताडपत्रीने ते थांबणार नाही.

चव घेऊन ओळखायचीही जुनी रीत आहे. बोट बुडवून जिभेला लावायचं आणि थुंकायचं. उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुमारास ती चांगली चालते. भर पावसाळ्यात ओहोटीला खाडीचंच पाणी गोडसर असतं, तेव्हा होडीतल्या पाण्याची चव बाहेरच्या पाण्याशी लावून बघा, नाहीतर फसाल.

पाऊस

पावसाच्या वजनाचा अंदाज फार थोड्यांना असतो. हवामान विभाग २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलेल्या पावसाला सर्वांत वरच्या वर्गात धरतो. कोकणात तसे दिवस नवे नाहीत. ८ चौरस मीटर होडीत तो दिवस म्हणजे १,६०० लिटर, दीड टनाहून जास्त. ३५०-४०० किलोच्या होडीवर तिच्या चौपट वजन आभाळातून पडलं, एकही लाट आत न येता. आणि ते वजन पसरून राहत नाही. इंजिन, टाकी, बॅटरी मागे असल्यामुळे होडी आधीच मागे दबलेली असते, सगळं पाणी तिकडेच धावतं. होडी हलली की ते पाणी एका बाजूला जाऊन तिला आणखी कलंडवतं.

ताडपत्री घालायची तर मध्ये नाळेपासून मागपर्यंत बांबूचा कणा द्या आणि दोन्ही बाजूंना उतार ठेवा. सैल ताडपत्रीत पाणी साचतं आणि तेच वजन वरच्या वर लोंबकळत राहतं, जे तळातल्या पाण्यापेक्षा वाईट. दोऱ्या काठाच्या कड्यांना न बांधता होडीच्या पोटाखालून घ्या. हे सगळं पावसासाठी. मोठ्या वाऱ्याची सूचना असेल तर ताडपत्री काढून टाका, कारण ती शीड होते आणि नांगर ओढते. बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याचा इशारा) लागला की माझ्या मते झाकायचा विचार सोडून होडी वर ओढण्याचा करावा. चार माणसं आणि नारळाचे ओंडके मिळत असतील तर पाण्यात ठेवण्याची जोखीम घेण्यात अर्थ नाही. लाटांच्या उंचीसाठी इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचे इशारेही बघत जा. लांबच्या वादळाची फुगलेली लाट इथे ऊन पडलेलं असतानाही येते.

मागची फळी आणि रात्रीची ओहोटी

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त होड्या या कारणाने भरतात, आणि सर्वांत कमी लोक त्याकडे बघतात.

पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. ओहोटीला खाडीचं पाणी पश्चिमेला, समुद्राकडे धावतं. वर घाटात पाऊस झाला असेल तर त्यात पुराचं पाणी मिळतं. एका नांगरावरची होडी अशा वेळी वाऱ्याचं ऐकत नाही, पाण्याच्या ओढीचं ऐकते. तिची नाळ पूर्वेला, गावाकडे वळते. म्हणजे इंजिनासाठी खाली कापलेली मागची फळी थेट वाऱ्याच्या आणि लाटेच्या तोंडावर. वारा आणि ओढ समोरासमोर आले की लाट आखूड आणि उभी होते, आणि होडीला वर उचलण्याऐवजी फळीवरून आत पडते. पाच-दहा मोठ्या लाटा आत आल्या की मग छोट्याही येऊ लागतात.

आता वेळ बघा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीचा तास अंदाजे मिळतो, हे कोकणात पोराटोरांना ठाऊक आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं. म्हणजे उधाणाच्या दिवसांत, जेव्हा ओढ सर्वांत जोराची, रात्रीची ओहोटी मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत धावते. सगळे झोपलेले असताना. तुमची होडी भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या दिवसांत ठीक राहत असेल आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच भरत असेल, तर तळातली गळती शोधत बसू नका. दुखणं हे आहे.

याला औषध दोन: वजन आणि जागा. नऊ-दहा हॉर्सपॉवरचं इंजिन ४० किलोच्या आसपास असतं, भरलेली टाकी आणि बॅटरी धरून मागे ऐंशी किलो सहज होतात. वाऱ्याची सूचना असेल तर इंजिन उतरवून घरी आणा. जमत नसेल तर निदान टाकी, बॅटरी, जाळी पुढे सरकवा, म्हणजे मागचा काठ काही बोटं वर येतो आणि तेवढाच कामाचा असतो. इंजिन काढल्यावर फळीतली खाच उघडी ठेवू नका. तिच्या मापाची जाड फळी, कडेला सायकलच्या ट्यूबचं रबर लावून, वरून खाचेत बसेल अशी सुताराकडून करून घ्या. खर्च किरकोळ आहे.

जागेचं म्हणाल तर खाडीच्या मुखासमोरचा सरळ पट्टा सोडा. वळणाच्या आत, जिथे पश्चिमेचा वारा टेकडीने किंवा कांदळवनाने अडतो, तिथे नांगर टाका. घरून होडी दिसत नाही म्हणून लोक ही जागा टाळतात. वादळापुरती तरी टाळू नये.

होडी फिरू नये म्हणून मागूनही नांगर टाकणारे आहेत. ते करू नका. होडी दोन्हीकडून जखडली की वारा फिरल्यावर आडवी पडते आणि लाट बाजूने आत येते. दोन नांगर हवेतच तर दोन्ही नाळेतून, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. त्याने होडी धरून राहते, मात्र ओहोटीला मागची फळी वाऱ्याकडे वळायची ती वळतेच.

दोर

दोराची लांबी ओहोटीला ठरवली की चुकते. खोली मोजायची ती उधाणाच्या भरतीची. ओहोटीला २ मीटर पाणी, वर अडीच मीटर भरती, नाळेची उंची अर्धा मीटर, म्हणजे ५ मीटर. खराब हवेत याच्या पाच ते सातपट दोर सोडतात, म्हणजे २५ ते ३५ मीटर. अरुंद खाडीत शेजारच्या होड्यांमुळे एवढा सोडता येत नाही, तिथे नांगराजवळचे काही मीटर जड साखळी घाला. आखूड दोराने उधाणाला नाळ खाली ओढली जाते आणि लाट पुढून आत येते. दोर नायलॉनचा घ्या. तो ताणतो आणि झटका पोटात घेतो. तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त पडतो, पण कमी ताणतो आणि उन्हाने लवकर कुजतो. नाळेवर जिथे घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवा.

धक्क्याला बांधलेल्या होड्यांचा वेगळाच घात होतो. ओहोटीला होडी धक्क्याच्या कठड्याखाली सरकते, भरती चढते तसा काठ तुळईखाली अडकतो, होडी वर येऊ शकत नाही आणि पाणी काठावरून शांतपणे आत शिरतं. यात वादळ लागतही नाही. वादळात तर धक्क्याला बांधूच नये.

तळ, बूच आणि पंप

बुचाचं भोक २५ मिलिमीटरचं आणि पाण्याच्या ३० सेंटिमीटर खाली असेल तर उघड्या भोकातून मिनिटाला चाळीसहून जास्त लिटर पाणी येतं, तासाला अडीच टन. बूच पूर्ण निघालं नसेल, नुसतं रबर कडक होऊन भेगाळलं असेल तरी रात्रभरात बरंच जमतं. बुचाचं रबर दर हंगामाला बदला आणि एक जादा बूच दोरीने होडीतच बांधून ठेवा.

इंजिनाच्या क्लॅम्पचे बोल्ट आणि जुनी, न वापरलेली भोकं बघा. फायबरच्या मागच्या फळीत आत लाकूड असतं. बोल्टाजवळ सील गेलं की ते कुजतं, आणि बोटाने ठोकल्यावर आवाज बद्द येतो. तळाला वाळूवर ओढून झिजलेली जागाही अशीच पाझरते. गळती शोधायची सोपी तऱ्हा: होडी जमिनीवर ओंडक्यांवर पक्की टेकवा, बाहेरून कोरडी पुसा आणि आत चार बोटं पाणी भरा. जिथून थेंब बाहेर येतो तिथूनच ते आत जातं. चार बोटांहून जास्त भरू नका, आधार नसलेल्या फायबरला ते वजन झेपत नाही.

पंपाविषयी थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त भरवसा त्याच्यावर ठेवला जातो. खोक्यावर तासाला ११०० गॅलन लिहिलेला पंप म्हणजे सुमारे ४,००० लिटर. पाइप वर चढवून, दमलेल्या बॅटरीवर तो प्रत्यक्षात निम्मं काढतो असं धरा. धो धो, तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तरी होडीत ४०० लिटर येतात, म्हणजे पावसाला हा पंप पुरून उरतो. उघड्या बुचाला तो पुरत नाही. फळीवरून येणाऱ्या लाटेला तर मुळीच नाही. आणि बॅटरी? असा पंप चार अँपिअरच्या आसपास खातो. ६० अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीतून निम्मी ताकदच खऱ्या अर्थाने वापरता येते, म्हणजे सलग सात-साडेसात तास. दोन दिवस ढग असतील तर सोलर पॅनेलकडून फार आशा नको.

पंपाच्या पाइपाचं तोंडही बघून घ्या. ते बाजूला खाली असेल तर मागची बाजू दबल्यावर पाण्याखाली जातं, आणि पंप बंद पडला की खाडीचं पाणी त्याच पाइपातून उलटं आत येतं. पाइप आधी काठापर्यंत वर न्या, वळसा द्या आणि तोंड काठाखाली लगेच ठेवा. तरंगत्या स्विचखाली पानं, खवले, जाळ्याचे धागे अडकतात. वादळाआधी हाताने उचलून पंप चालू होतो का ते बघाच.

वादळ चालू असताना

किनाऱ्यावरून होडी भरताना दिसते आणि जीव कासावीस होतो. तरी जाऊ नका. भरलेल्या होडीत एक माणूस चढला की आतलं पाणी त्याच्या बाजूला धावतं आणि ती उलटते. अंधारात, ओढीत, दोरांच्या गुंत्यात सापडलेल्याला बाहेर काढणं शेजाऱ्यांनाही जमत नाही. फायबर दुरुस्त होतं. वारा बसल्यावर, दोघांनी, लाइफ जॅकेट घालून, भरती-ओहोटीच्या मधल्या थबकलेल्या पाण्यात जा.

बुडालेली होडी वर काढणं

हलवण्याआधी फोटो काढा: होडी, नंबर, आजूबाजूची जागा. वादळाच्या नुकसानीची मदत जाहीर झाली तर तलाठी आणि मत्स्यव्यवसाय विभागाचा पंचनामा लागतो, आणि होडी नोंदणीकृत असावी लागते. बॅटरीची तार काढा. पेट्रोल तरंगत असेल तर जवळपास विडी-काडी नको.

पाण्याने भरलेली होडी क्रेनने किंवा ट्रॅक्टरने उचलायला जाऊ नका. आत टनावारी पाणी असतं, कडी उपटून निघते किंवा काठ फाटतो. काम भरती-ओहोटीकडून करून घ्या. काठ पाण्यावर असेल तर भरतीला तिला हळूहळू उथळ, मऊ वाळूकडे ओढा. दोर नाळेच्या खालच्या कडीला बांधा आणि आत कुणीही बसू नका. ओहोटीला काठ उघडा पडला की उपसायला लागा, पूर्ण कोरडी पडली तर बूच काढून पाणी जाऊ द्या. बूच परत लावल्याशिवाय पुढची भरती येऊ देऊ नका. घाईत हे राहून जातं.

होडी तळाला गेली असेल तर ओहोटीच्या शेवटी २०० लिटरचे घट्ट बंद केलेले रिकामे पिंप दोन्ही बाजूंना, पोटाखालून घेतलेल्या पट्ट्यांनी आखडून बांधा. एक पिंप स्वतःचं वजन वजा जाता पावणेदोनशे-एकशेऐंशी किलो उचलतो. चार पिंप पुरतात, कारण पाण्याखाली होडीच्या आतल्या पाण्याचं वजन उचलावं लागत नाही, फक्त फायबर, इंजिन आणि गाळ. गाळ आधी शक्य तितका काढा. भरती चढली की होडी चिखलातून सुटते. मग उथळात न्या, आणि पुढचं वरच्यासारखं.

इंजिन

खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इंजिनाचं नशीब बाहेर काढल्यानंतरच्या दोन-तीन तासांत ठरतं. पाण्यात असेपर्यंत गंज हळू चढतो, हवा लागली की झपाट्याने. म्हणून मेकॅनिकची व्यवस्था होईपर्यंत ते बाहेर सुकत ठेवू नका, मोठ्या पिंपात गोड्या पाण्यात बुडवून ठेवा.

सुरू करायला दोरी ओढण्याआधी स्पार्क प्लग काढा. सिलिंडरमध्ये पाणी असताना ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गोड्या पाण्याने आतबाहेर धुवा, प्लगची भोकं खाली करून दोरी हळू ओढत पाणी बाहेर काढा. आत वाळू करकरत असेल तर तिथेच थांबा, ते खोलावंच लागेल. कार्बोरेटर आणि टाकीतलं इंधन पूर्ण काढून टाका. सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडून पुन्हा फिरवा, मग नवे प्लग. फोर-स्ट्रोक असेल तर ऑइल बदला, आणि दुधाळ दिसेनासं होईपर्यंत पुन्हा पुन्हा बदला. सुरू झालं की निदान अर्धा-एक तास चालू ठेवा, गोड्या पाण्यावर. चालू असताना बुडालेलं इंजिन मात्र स्वतः सुरू करायच्या भानगडीत पडू नका, सरळ मेकॅनिककडे न्या.

पुढच्या वेळी निदान तळाला जाऊ नये म्हणून

फायबर पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड असतं. ४०० किलोच्या होडीला भरल्यावरही तरंगत ठेवायला सुमारे १३५ किलो उचल हवी, इंजिन धरून पावणेदोनशे. २० लिटरचे रिकामे, घट्ट झाकणाचे कॅन घेतले तर बारा कॅन २४० लिटरचे होतात आणि ते पुरतात. ते तळाशी ठेवू नका. बाकांखाली आणि बाजूंना, काठाच्या जवळ, मागे थोडे जास्त असे पट्ट्यांनी पक्के बांधा. नुसती दोरी पुरत नाही, भरलेल्या होडीत कॅन मोठ्या जोराने वर ढकलतात.

होडीत बाकाखाली किंवा दुहेरी तळात फोम भरलेला असेल तर त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुना फोम पाणी पितो आणि सोडत नाही. होडी पूर्ण रिकामी, कोरडी करून शांत पाण्यात उतरवा आणि बाहेरच्या जुन्या शेवाळाच्या रेषेशी पाण्याची रेषा ताडून बघा. रिकामी असूनही रेषा वर चढलेली दिसली तर फोम भिजलाय. होडी जमिनीवर घेऊन त्या कप्प्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात लहान भोक पाडा आणि काही दिवस निथळू द्या. पाणी वाहतच राहिलं तर वरचा भाग कापून फोम काढा, त्या जागी बंद कॅन बसवा आणि भोक रेझिनने बुजवून टाका.